हमरस्त्यावरचं बिऱ्हाड

"माझी खानावळ म्हणजे माझं घर! आणि माझ्या घरात कुणी राबायचं, कुणी बसायचं, कुणी घोरायचं हे मी ठरवणार. शहरातल्या खुर्चीनं मला शिकवू नये!"

असं म्हणून उर्किया आपाने लाटणं असं आपटलं, की पिठाचा ढग उठला आणि समोर चहा पीत बसलेले ट्रकवाले क्षणभर पांढऱ्या दाढीचे दिसू लागले.

चिमकेंतहून तुर्किस्तानकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मैलोन् मैल वाळकं गवत आणि वारा. त्या वाऱ्यात आधी कांद्याचा वास येतो, मग चरबीचा, मग भाजत्या कणकेचा; आणि जिथं ट्रकवाल्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, तिथं उर्किया आपाची खानावळ.

तो वास सगळा एर्गाशचा. एर्गाश सीमेपलीकडचा, नमनगानचा. मिशी अशी, की तंदूरमध्ये वाकला तर आधी तिला सांभाळायचा, मग हाताला. मांसाचे सामसे तो तंदूरच्या भिंतीला थापायचा ते एखाद्या आईनं लेकराला थोपटावं तसे, गुणगुणत. नवरा गेल्यावर उर्किया आपाने खानावळ बंदच करायची ठरवली होती. त्या आठवड्यात हा माणूस दारात आला, रिकाम्या तंदूरमध्ये डोकावला आणि म्हणाला, "आपा, या तंदूरला सर्दी झालीय." तेव्हापासून तंदूर विझला नव्हता. एर्गाशशिवाय खानावळ म्हणजे चार खुर्च्या आणि एक किटली.

पण एक घोळ होता. एर्गाशच्या नावावर कामाचा परवाना होता, खरा होता, शिक्क्याचा होता. फक्त तो होता घरकामाचा. कुणाच्या घरी स्वयंपाक करा, बाग शिंपा, म्हातारं माणूस सांभाळा, त्यासाठीचा. तो एका खिडकीवर, एका अंगठ्यावर मिळायचा. खानावळीत परका माणूस ठेवायचा तर निराळी परवानगी, निराळी कचेरी, आणि 'या कामाला गावातलं कुणी मिळालं नाही का हो?' असली निराळी चौकशी. उर्किया आपा त्या कचेरीच्या पायरीपर्यंत जाऊन परत आली होती. "मी काय चोर आहे, की माझ्या चुलीची उलटतपासणी द्यायला बसू?"

आणि आज ओरिनबाय ट्रकवाल्याने बातमी आणली होती. "आपा, कामगार खात्याचा साहेब निघालाय रस्त्याने. सापारगाली म्हणून आहे. एकेक खानावळ बघतोय. परदेशातला माणूस कोण, त्याचा परवाना कसला, काम कसलं, दोन्ही जुळतंय का? मासळीवाल्याकडे जुळलं नाही. त्याच्या आचाऱ्याला सीमेपार घातला, आणि आता काही वर्षं पाऊल ठेवायचं नाही म्हणाले. उद्या तुमची पाळी."

एर्गाश घाबरला की त्याला उचकी लागायची. ती लागली. त्याने उचकी देत देतच पिशवी भरायला घेतली.

"ठेव खाली ती पिशवी!"

"आपा, परवाना घरचा, हिक्, मी खानावळीत, हिक्..."

"परवाना घरचा आहे ना? मग खानावळीचं घर करू! सोपं आहे. कागदाला माणसासारखं वागता येत नसेल तर जागेनं कागदासारखं वागावं!"

ओरिनबाय चहाच्या ठसक्यातून म्हणाला, "आपा, पण..."

"पण बाहेर जाऊन बोल. आता मला बिऱ्हाड हलवायचंय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आला. त्यावर चढली नक्षीची लोखंडी पेटी, रजयांची चळत, भिंतीवरचा गालिचा, नवऱ्याचा फोटो, चहाचं पाणी उकळायचा सामोवार, दोन कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर, गादीवर, राणीसारखी, शार्बान आजी. उर्किया आपाची सासू. आजीच्या तोंडात दात नव्हते, पण जीभ पूर्ण होती.

"मला कुठं नेतेस गं, उर्किया? जिवंतपणीच पुरायला?"

"खानावळीत राहायला, आई."

"का?"

"ते घर आहे म्हणून."

"कधीपासून?"

"आजपासून!"

आजीने थोडा विचार केला. "मला खिडकीपाशी जागा हवी."

खिडकीपाशी खाट पडली. गावाकडच्या घरात आजीला खिडकीतून एक बाभूळ आणि एक गाढव दिसायचं, आणि गाढवही दर वेळी तेच असायचं. इथं खिडकीबाहेरून ट्रक जात होते: लाल, निळे, खरबुजांचे, मेंढ्यांचे, एकावर तर आख्खं लाकडी घर! आजी डोळे विस्फारून बघत राहिली. "अगं बाई, एवढं जग इथून जातं आणि मला कुणी सांगितलं नाही?"

मधल्या वेळात उर्किया आपाने पाटीवर गालिचा टांगला, टेबलं भिंतीला लावली, जमिनीवर सतरंज्या अंथरल्या, कोंबड्या गल्ल्याच्या पेटीवर बसवल्या. नवऱ्याचा फोटो दरपत्रकाच्या खिळ्यावर गेला. नवरा फोटोतून बघत होता ते जिवंतपणी बघायचा तसंच, म्हणजे 'हे काय नवीन?' असं.

"झालं घर!" कमरेवर हात ठेवून ती म्हणाली. "ये म्हणावं साहेबाला!"

पण साहेबाआधी गाव आलं.

त्याचं असं झालं, की पेटी, रजया आणि म्हातारी असा ट्रॅक्टर गावातून गेलेला सगळ्यांनी पाहिला होता. वरच्या आळीत बातमी पसरली, की उर्कियानं सासूला घराबाहेर काढलं. खालच्या आळीत पसरली, की उर्कियानं रस्त्याला नवं घर घेतलं. वरच्या आळीच्या बायका तावातावाने भांडायला निघाल्या, खालच्या आळीच्या बायका हौसेने गृहप्रवेशाला निघाल्या, वाटेत दोन्ही आळ्यांची गाठ पडली, आणि नव्या बिऱ्हाडाला रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून सगळ्यांनी मिळून एक मेंढा घेतला. भांडण झालं तरी जेवण व्हायलाच हवं.

"उर्किया, नवं घर लाभो!" म्हणत त्यांनी उंबऱ्यातूनच मूठमूठ गोळ्या-मिठाया आत उधळल्या. एक गोळी एर्गाशच्या उचकीत अडकली. "पण हे गं काय? रस्त्यावर घर? आणि जुनं घर काय पडलं?"

"मला हवा मानवते इथली!" उर्किया आपा म्हणाली. बाहेरून डिझेलचा काळा धूर आत आला.

मेंढा मागच्या अंगणात गेला आणि हंड्यात परतला. बायका सतरंज्यांवर पसरल्या. तेवढ्यात ब्रेक कचकचले. ओरिनबाय आला होता, बरोबर आणखी ट्रकवाले.

"आपा, आठ सामसे आणि चहा!"

उर्किया आपा दारात आडवी झाली. "सामसे विकत नाही मिळणार. हे घर आहे."

"घर?"

"घर!"

ओरिनबायने आत बघितलं. खाट, पेटी, कोंबड्या, आजी. त्याने टोपी काढली, छातीवर हात ठेवला आणि अदबीने म्हणाला, "मग आम्ही पाहुणे!"

आणि चपला काढून सगळे आत जाऊन बसले.

उर्किया आपा जागच्या जागी थिजली. हे तिच्या हिशेबात नव्हतं! गिऱ्हाइकाला 'आज बंद' म्हणता येतं. पाहुण्याला काय म्हणायचं? ज्याच्या घरी पाहुणा उपाशी उठला त्याच्या नावावर तुर्किस्तानपर्यंत थुंकतात, आणि तिथं तर ट्रक रोज जातात!

"एर्गाश," ती दातओठ खात म्हणाली, "पाहुण्यांना सामसे दे."

"किती, आपा?"

"पाहुण्यांना मोजून देतात का रे, मेल्या?"

ओरिनबाय मोठ्या प्रेमाने खात होता. मधेच त्याने फोन काढला आणि रस्त्यावरच्या आपल्या भाऊबंदांना सांगितलं, "अरे, उर्किया आपाकडे गृहप्रवेश आहे. हो हो, सगळ्यांना बोलावलंय. मेंढा शिजतोय!"

"मी कुणाला बोलावलं?" उर्किया आपा ओरडली.

"आपा, घराचं दार उघडं म्हणजे बोलावलंच की!"

दुपार कलेपर्यंत बाहेर ट्रकांची अशी रांग लागली, जशी सीमेच्या नाक्यावर लागते. आत बसायला जागा नव्हती, पायाखाली वाट नव्हती, तंदूरला उसंत नव्हती. एर्गाशची उचकी कामाच्या धबडग्यात थांबली होती. आणि नेमका तेव्हाच धुळीतून एक करडी जीप आली.

सापारगाली साहेब उंच, सडपातळ, चेहरा उन्हात वाळवलेल्या दह्याच्या गोळीसारखा. या रस्त्यावरच्या सगळ्या खानावळी त्याने एकाच युक्तीने तपासल्या होत्या: उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही! तोही याच मातीतला. घराच्या आत गेला की भाकरीचा तुकडा तोंडात घालावा लागतो, तो घातला की माणूस पाहुणा, आणि पाहुणा झाला की त्या घराचं वाईट त्याच्या तोंडून निघत नाही. म्हणून तो उंबऱ्यावर उभा राहूनच प्रश्न विचारायचा, आणि भूक लागली की जीपमध्ये जाऊन उकडलेली अंडी खायचा. गेले काही दिवस नुसती अंडी. डोळ्यांतसुद्धा आता पिवळट झाक आली होती.

"तंदूरवर कोण आहे?" उंबऱ्यावरून त्याने विचारलं.

"आमच्या घरी काम करतो. एर्गाश. परवाना घरकामाचा, हा बघा!" उर्किया आपाने कागद त्याच्या नाकासमोर धरला.

"घरकामाचा. बरं. आणि ही खानावळ..."

"कुठली खानावळ? मला तर घर दिसतंय. तुम्हाला चष्मा लागलाय का, साहेब?"

"एर्गाश, तू इथं काय काम करतोस?"

"घर, हिक्, काम." उचकी परत आली होती.

"कसलं?"

"सामसे, हिक्."

"कुणासाठी?"

"घरच्यांसाठी!" उर्किया आपा मधे पडली.

"घरात माणसं कोण कोण?"

"मी आणि माझी सासू."

साहेबाने तंदूरशेजारच्या परातीकडे पाहिलं. तिथं सामशांचा डोंगर होता, शिखरावर वाफेचे ढग. "एवढे? दोघींना?"

"आईंना भूक फार लागते."

"आजींना तर दात नाहीत!"

"म्हणून तर जास्त करावे लागतात! अर्धे चघळून टाकतात, अर्धे वाया जातात!"

"आणि ही पन्नासेक माणसं?"

"पाहुणे! का? परवाना काढावा लागतो पाहुण्यांचा? सांगा की, कुठल्या खिडकीवर मिळतो? माझी आजी उघड्या माळावर तंबूत राहिली, येणाऱ्याला नाव न विचारता दूध द्यायची. तिला कुणी विचारलं नाही, दूध कुठल्या कलमाखाली दिलंस! माझ्या घरात एक माणूस हातानं काम करतो, घाम गाळतो, कुणाचं चोरत नाही. त्याला उचलून फेकायला तुम्ही आलात, आणि वर मला विचारता, माणसं किती?"

बायकांत कुजबूज झाली. ट्रकवाल्यांपैकी कुणीतरी "शाब्बास!" म्हणालं. साहेबाने खिशातून पेन काढलं.

"आपा, घाम मलाही दिसतो. पण इथं रोज सामसे विकले जातात हे या रस्त्यावरच्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे. याचा परवाना त्या कामाचा नाही. तुम्ही काढला नाहीत, आणि भोगायचं त्यानं. उद्या सकाळी याला सीमेवर..."

"कोण रे तो उंबऱ्यात?"

खिडकीपाशी शार्बान आजी खाटेवर उठून बसली होती. ट्रक बघण्यात रमलेली ती, पहिल्यांदाच आत वळली होती.

"उंबऱ्यात उभा राहून माझ्या घराची भरभराट अडवतोस? आत ये, नाहीतर बाहेर जा! मधे उभं राहतं ते भूत!"

"आजी, मी सरकारी कामावर आहे..."

"सरकारला आई नाही का रे? तिनं हे शिकवलं तुला?"

सगळी खोली त्याच्याकडे बघायला लागली. साहेबाचे कान लाल झाले. बाहेर जावं तर तपासणी अर्धी, उभं राहावं तर भूत. आणि आतून मेंढ्याच्या रश्श्याचा वास असा येत होता, की अंड्यांनी गांजलेल्या पोटाने परस्परच एक पाऊल पुढे टाकलं.

बस्स! वरच्या आळीच्या बायकांनी एका बाजूने धरलं, खालच्या आळीच्या बायकांनी दुसऱ्या. साहेब मानाच्या जागी बसला कधी, भाकरीचा तुकडा तोंडात गेला कधी, समोर मेंढ्याचं आख्खं डोकं आलं कधी, त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याने रिवाजाप्रमाणे मेंढ्याचा कान कापून बायकांबरोबर आलेल्या सर्वांत लहान मुलीला दिला आणि मग जो जेवायला लागला तो, डोळे मिटून, कण्हत. एर्गाशने त्याच्यापुढे गरम सामसा ठेवला. साहेबाने घास घेतला, चरबी हनुवटीवरून ओघळली, आणि त्या वाळक्या चेहऱ्यावर पहिल्यांदा पाऊस पडल्यासारखं झालं.

"आता पाहुण्यानं गाणं म्हणायचं," आजी म्हणाली. "तो घराचा हक्क आहे."

"आजी, मी अधिकारी आहे, गवई नव्हे."

"जेवताना तर अधिकारी दिसला नाहीस!"

कुणीतरी भिंतीवरून दोन तारांचं दोंबरा काढून त्याच्या हातात दिलं. साहेबाने निरुपायाने तारा छेडल्या. आणि मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. अरे, प्रश्न गाण्यातून विचारायला तर कुणाची मनाई नाही! खणखणीत आवाजात त्याने सुरू केलं:

"घर म्हणता घराला, भिंती कमी, खुर्च्या फार,
चूल तुमची एकटी, पोसते का गाव चार?
सामशांचा हा डोंगर, कुणासाठी गं रचला?
सांग आजी, हा एवढा घास कुणाला पचला?"

खोलीत 'ओहो!' झालं. उत्तर चुकलं तर खिशात परत गेलेलं पेन पुन्हा बाहेर यायला वेळ लागणार नव्हता. पण शार्बान आजीने डोक्यावरचा रुमाल सावरला, बोळक्या तोंडाने ओठ ओले केले आणि लगेच, दम न घेता, तीच चाल उचलली:

"वाट माझी ही सोयरी, दार तिला सदा खुलं,
तिच्या संगे येती त्यांना म्हणते मी माझी मुलं.
मोजून जो घास वाढी, त्याला घर म्हणू नये,
खाऊन जो घास मोजी, त्या पाहुणा म्हणू नये!"

खोली फुटली! ट्रकवाल्यांनी मांड्या बडवल्या, बायकांनी आजीचे गाल ओढले. एर्गाश रडत रडत उचकी देत होता. साहेबानेसुद्धा मान तुकवली. त्याने दोंबरा बाजूला ठेवलं, हात पुसले, उठला. एकदाचं सुटलं म्हणत उर्किया आपा त्याला दारापर्यंत पोचवायला निघाली. आणि दारापाशी जाता जाता, अगदी सहज, वळून, साहेब म्हणाला:

"छान होते हो सामसे. किती झाले?"

आणि उर्किया आपाचा उजवा हात पुढे गेला!

सवय हो! इतकी वर्षं त्या दारात 'किती झाले' हे शब्द ऐकले की तो हात आपोआप उघडा होऊन पुढे जायचा. आज तिला कळलं तेव्हा तो भर खोलीत, साहेबाच्या पोटासमोर, तळवा वर करून पसरलेला होता. मागे घ्यावा तर कबुली. ठेवावा तर कबुली. साहेबाच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू उगवू लागलं. त्याची बोटं खिशातल्या पेनाकडे निघाली. एर्गाश तंदूरपाशी पांढरा पडला. उचकीसुद्धा वाट बघत थांबली.

"पोटं भरली ना?" खाटेवरून शार्बान आजीचा आवाज आला. "मग आशीर्वाद घ्या!" आणि तिने आपले दोन्ही तळवे वर करून पसरले.

म्हाताऱ्या माणसाने जेवणानंतर तळवे पसरले की सगळ्यांनी पसरायचे असतात. क्षणात खोलीभर तळवे उघडले. ट्रकवाल्यांचे तेलकट, बायकांचे पिठाळ, एर्गाशचे भाजलेले. दारात उर्किया आपाचा एक हात आधीच पसरलेला होता. तिने दुसरा त्याच्या शेजारी आणून ठेवला. साहेबाचा हात पेनापर्यंत पोचला होता. पण आजीच्या आशीर्वादात हात खिशात ठेवणारा माणूस अजून या माळावर जन्मलेला नाही. त्यानेही तळवे पसरले.

"या घरात येणारा उपाशी न जावो," आजी म्हणाली. "या घरात राबणारा हाकलला न जावो. याची मिशी तंदूरमध्ये न जळो. आणि या अंड्याच्या तोंडाच्या पोराला चांगली बायको मिळो!"

"आमीन!" सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. सापारगालीनेही. मग त्याने पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. शेवटी लिहिलं, आणि लिहिताना मोठ्याने वाचलं: "राहतं घर. घरकामाला माणूस एक. परवाना जुळतो."

रस्त्यावर त्या दिवशी सगळ्या ट्रकांनी एकदम भोंगे वाजवले. उर्किया आपा दारात उभी राहून, जीपच्या धुळीकडे बघून ओरडली, "सांग जाऊन तुझ्या खुर्चीला!"

इथं गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, कारण दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवणाची वेळ झाली.

"सलाम, आजी! पाहुणे आलो!" ओरिनबाय. मागे त्याचे भाऊबंद, भाऊबंदांचे भाऊबंद, आणि कुठला तरी पार ओरेनबुर्गचा रशियन, ज्याला भाषा येत नव्हती पण 'पाहुणा' हा शब्द बरोबर शिकून आला होता. उर्किया आपाने हळूच एकाच्या कानात म्हटलं, "बाळा, आता सामसे विकत बरं का..." तर खिडकीतून गर्जना आली:

"पाहुण्याकडून पैसे? माझ्या घरात? सरकारनं लिहून दिलंय, हे घर आहे!"

पीठ संपलं. मांस संपलं. मेंढ्यांच्या शेपट्यांची चरबी संपली. एर्गाश काम करून करून एवढा वाळला, की मिशीच त्याच्यापेक्षा जाड दिसू लागली. शेवटी एके सकाळी उर्किया आपा ठेवणीतला रुमाल बांधून, ज्या पायरीवरून परत आली होती तीच पायरी चढून कचेरीत गेली. खुर्चीत सापारगाली होता.

"मी काही तुम्हाला भिऊन आले नाही," ती आधीच म्हणाली. "तुमच्या कायद्याला मी पुरून उरले असते. मी पाहुण्यांना भिऊन आलेय. खानावळीचा परवाना द्या माझ्या एर्गाशला!"

"देतो की, आपा. गावातलं कुणी तयार आहे का तंदूरमध्ये डोकं घालायला, तेही विचारून झालं, कुणी नाही. पण आधी तिथं खानावळ आहे हे मला बघावं लागेल. गेल्या खेपेला मी घर बघितलं."

"आणि तोवर?"

"तोवर घर ते घर. एक सामसा जरी विकला आणि मला कळलं, तरी एर्गाश सीमेपार. खाल्लेल्या घासाला मी एकदा जागलो, आपा. दुसऱ्यांदा जागायचं तर नोकरी जाईल." मग जरा थांबून हळूच म्हणाला, "उंबऱ्यावरूनच बघेन या वेळी. अंडी बांधून आणतो."

परत येऊन उर्किया आपाने टेबलं मधे ओढली, गालिचा काढला, पाटी धुतली, नवऱ्याला खिळ्यावरून उतरवून दरपत्रक लावलं. कोंबड्या गावाला गेल्या. पेटी गेली. रजया गेल्या. उरली खाट, आणि खाटेवर शार्बान आजी.

"आई, चला घरी."

"मी घरीच आहे."

"आई, एर्गाशचा परवाना अडलाय!"

"मग माझ्या गाढवाला दे परवाना. मी ती बाभूळ बघायला परत येणार नाही. परवा इथून एक जहाज गेलं, उर्किया! ट्रकवर जहाज! तुझ्या नवऱ्याच्या बापानं जन्मात मला समुद्र दाखवला नाही, आणि तू म्हणतेस चल?"

उर्किया आपाने विनवलं, धमकावलं, रुसून पाहिलं. चौघा ट्रकवाल्यांना खाट उचलायला सांगितलं; आजीने चौघांना आशीर्वाद दिला आणि चौघं खाट खाली ठेवून जेवायला बसले. जिच्यापुढे सगळ्या सरकारने हार खाल्ली होती, ती उर्किया आपा आपल्याच मापाच्या बाईसमोर पहिल्यांदा उभी होती. आणि बाहेर करडी जीप थांबत होती.

सापारगाली उंबऱ्यावर आला. टेबलं बघितली. पाटी बघितली. दरपत्रक बघितलं. एर्गाश तंदूरपाशी उभा होता, हातात कच्चा सामसा तसाच. साहेबाची नजर फिरत फिरत खिडकीपाशी गेली आणि खाटेवर थांबली. उशी, रजई, आणि उशीला टेकून रस्ता बघणारी म्हातारी.

"आपा," तो म्हणाला, "ही खानावळ म्हणता. मग या आजी कोण?"

उर्किया आपाने आजीकडे पाहिलं. एर्गाशकडे पाहिलं.

"गिऱ्हाईक," ती म्हणाली.

खाटेवरून शार्बान आजीने सावकाश मान वळवली, सुनेला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि खणकन् म्हणाली:

"मग उभी काय राहिलीस? चहा आण! दुधाचा, घट्ट! आणि कालच्या सामशात मीठ कमी होतं!"

सापारगालीने पेन काढलं. "खानावळ," त्याने लिहिलं, आणि ओठ चावत पुढे म्हणाला, "गिऱ्हाईक आहे. समाधानी नाही."

एर्गाशला परवाना मिळाला. खरा, शिक्क्याचा, तंदूरच्या कामाचा. तंदूर आजही पेटलेला आहे. खिडकीपाशी ते गिऱ्हाईकही आजतागायत आहे. पैसे देत नाही, उठत नाही, मिठावरून रोज कटकट करतं. उर्किया आपा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ताठ मानेनं सांगते, की ती सरकारपुढे अजिबात झुकली नाही.

चहा ओतताना थोडं वाकावं लागतं, तेवढंच. खाट जरा बुटकी आहे.